त्याचं नाव घरात काढावं की नाही?

"मॅडम, पंचवीस वर्षं झाली. आता तरी आईनं विसरायला नको का?"

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्यासमोर बसलेल्या ४४ वर्षांच्या गृहस्थांनी हे विचारलं. चाकणला कंपनीत सुपरवायझर, भोसरीत राहायला, बायको सोबत आलेली. विचारताना त्यांचा आवाज चढला होता. मग त्याचीच लाज वाटली असावी, कारण पुढचं वाक्य ते टेबलाकडे बघत बोलले. "म्हणजे दादाला विसरायचं असं नाही. पण कशाला तरी हद्द असते."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. १९९९ च्या जूनमध्ये कारगिलच्या लढाईत कामी आला. वय २४, लग्न ठरायचं होतं.

हा प्रश्न मला नवा नाही. मूल गेलेल्या आईसमोर त्याचा विषय काढावा की टाळावा? फोटो भिंतीवर असू द्यावा की उतरवावा? ती त्याच्याशी बोलते, हे चांगलं की डोक्यावर परिणाम झाल्याचं लक्षण? सातारा जिल्ह्यात समुपदेशन करणाऱ्या माणसाकडे ही विचारणा फौजींच्या घरांतून हमखास येते. इथं अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांचं स्मारक इंग्रजांनी उभारलं आणि गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलं गेलं. आजूबाजूच्या कितीतरी गावांत घरटी एक जण फौजेत असतो. सुट्टीवर आलेल्या पोराला निरोप देणं हा इथल्या आयांच्या आयुष्याचा नेम आहे. परत न आलेल्या पोराबद्दल बोलायचं कसं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यांच्या घरच्यांनाही नाही.

ही हकीकत मी त्या कुटुंबाला विचारून लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. समोर बसलेल्या गृहस्थांना मी धाकटे म्हणेन, कारण घरात त्यांची ओळख आयुष्यभर तीच राहिली.

धाकट्यांची तक्रार अशी होती. गावच्या फाट्यावर संध्याकाळी मुक्कामाची एसटी येते. दादा सुट्टीवर आला की याच गाडीनं उतरायचा. आई रोज दिवेलागणीला फाट्यावर जाते आणि ती गाडी येऊन गेल्यावरच घरी परतते. वय ७४. पूर्वी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, पण आता रस्ता रुंद झालाय, उसाचे ट्रॅक्टर आणि डंपर सुसाट जातात. मार्चमध्ये एक मोटारसायकल त्यांना घासून गेली, मनगट मोडलं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवूनही त्या जातच राहिल्या. पुण्याला चला म्हटलं की एकच उत्तर, "मला सांजंला काम असतंय."

"गावातली पोरं म्हणतात, म्हातारी मेलेल्या पोराची वाट बघती. मला ऐकवत नाही हो," धाकटे म्हणाले. "यावर गोळ्या असतात का?"

त्यांच्या बायकोनं मग २६ जुलैचं सांगितलं. कारगिल विजयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तालुक्याला मोठा कार्यक्रम होता. सासूबाईंना वीरमाता म्हणून मंचावर बसवलं. शाल, श्रीफळ, साडी. भाषणं सुरू असताना त्या मधेच उठल्या, मंचावरून उतरल्या आणि कुणाला न सांगता वडाप धरून गावी आल्या. श्रीफळ खुर्चीवरच राहिलं.

मी विचारलं, "घरात दादांबद्दल शेवटचं कधी बोलणं झालं?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. "आम्ही आईसमोर तो विषयच काढत नाही. तिला त्रास होतो."

"त्रास होतो हे त्यांनी सांगितलं?"

नाही, सांगितलं नव्हतं. तेराव्याच्या दिवशी वडिलांनी सगळ्यांना बजावलं होतं. पोरगं देशासाठी गेलंय, ह्या घरात रडारड चालायची न्हाय. वडील २०११ ला वारले. शब्द मात्र तसाच पाळला गेला. लग्न होऊन घरात येऊन सतरा वर्षं झालेल्या सुनेला आपल्या दिराबद्दल भिंतीवरच्या फोटोपलीकडे काहीही ठाऊक नव्हतं.

इथं थोडं थांबून गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न चुकीचा नाही. शोक कधीकधी आजाराच्या वळणावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या सूचीत 'लांबलेला शोक' हा स्वतंत्र विकार म्हणून आला, आणि २०२२ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीतही त्याची नोंद आहे. पहिल्या सूचीत किमान सहा महिन्यांची अट आहे, दुसरीत मोठ्या माणसांसाठी किमान एक वर्षाची. पण नुसती वर्षं मोजून ठरवायचं नसतं. ओढ आणि दुःख जवळजवळ रोज इतकं तीव्र असतं का, की माणसाचं खाणंपिणं, झोप, काम, नाती सगळं ठप्प झालंय? तो गेला हेच मन मानत नाही का? आपणही जावं असं वाटतं का? शिवाय त्या समाजाच्या रीतीरिवाजात बसेल त्यापलीकडे हे गेलंय का, हेही पाहायचं असतं. आपल्याकडे पानाला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभं राहणारी माणसं आहेत. त्यांना वेडं ठरवणारी नियमावली काय कामाची?

या आजी पहाटे उठत होत्या, दोन म्हशींचं करत होत्या, परसात भाजी लावत होत्या, बचत गटाच्या बैठकीला जात होत्या. जेवण वेळेवर, झोप बरी. माझ्या मनात आजाराचा संशय फारसा उरला नाही. एक गोष्ट मात्र मीही धाकट्यांसारखीच धरून चालले होते. त्या वाट बघायला जातात, ही.

आजी साताऱ्याला यायला तयार नव्हत्या. मी सहसा कुणाच्या घरी जात नाही, पण इथं गेले. पितृपक्ष चालू होता. भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्रानं मृत्यू आलेल्यांचं श्राद्ध घालायची रीत आहे, आणि त्या तिथीला थोरल्याचं पान वाढण्यासाठी धाकटे दरवर्षी गावी येतात. वर्षातला हा एकच दिवस त्याच्या नावाचा. त्या दिवशीही, सुनेनं सांगितलं, कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही. पान ठेवतात, जेवतात आणि उठतात.

आजी ओसरीवर बसून वाघ्या घेवडा निवडत होत्या. मी शेजारी बसले. इकडचंतिकडचं झाल्यावर मी म्हटलं, "आई, फाट्यावर त्यांची वाट बघायला जाता का?"

त्यांचा हात सुपातच थांबला. "कुनाची?"

"थोरल्याची."

"बाई, मी येडी हाय व्हय? त्यो गेला ह्ये मला ठावं न्हाय का? हितनं वड्यापतुर चालत गेलीया मी त्येच्यामागं." मग जरा वेळानं, "धाकला असं म्हनतोय का?"

मी हो म्हटलं. त्या उठल्या. दाराआड खुंटीला एक नायलॉनची पिशवी होती, ती काढली. "चला. सांज हुतच आलीया."

पिशवीत पाण्याची बाटली, एक सुती फडकं आणि झिजून निम्मं झालेलं खुरपं.

फाट्यावर एसटीचा थांबा आहे. ग्रामपंचायतीनं २००० मध्ये बांधलेली सिमेंटची शेड, कपाळपट्टीवर आणि आतल्या भिंतीवर त्या जवानाचं नाव. कपाळपट्टी उंचावर असल्यामुळे सुखरूप होती. आतल्या भिंतीवरचं नाव मात्र दिसत नव्हतं. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, एका क्लासची जाहिरात आणि बैलगाडा शर्यतीचं पत्रक असं एकावर एक चिकटवलेलं. आजींनी फडकं भिजवून त्या कागदांवर दाबून धरलं. बऱ्याच वेळानं खुरप्याच्या बोथट कडेनं खालून वर, हलक्या हातानं खरवडायला सुरुवात केली. आमच्याकडे भाकरी तव्यावरून सोडवतात ना, अगदी तशी. कागदाची सालपटं ओल्या लगद्यासारखी हातात येत होती आणि त्या ती पिशवीत टाकत होत्या, खाली पडू देत नव्हत्या.

"खळ वली झाली की अलगद निघतंय. वाळल्यावर वडलं तर रंग घिऊन निघतंय," त्या म्हणाल्या. "दिसा येत न्हाय मी. लोकं धा इचारत्यात."

"आई, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाय. पर ह्ये नाव वळखू येतं." नावाच्या शेवटी 'श' होता. त्या शच्या गाठीवरून त्यांनी ओला अंगठा फिरवला. "ह्यो असा वळतोय. ट्रंकंवर बी असाच हाय."

तेवढ्यात गाडी आली. दारात उभ्या कंडक्टरनं विचारलं, "झालं का मावशी?" आजींनी खुरपं हलवून झालं म्हटलं. म्हणजे मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरला ठाऊक होतं. घरात कुणाला नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

परतताना मी कार्यक्रमातून उठून येण्याबद्दल विचारलं. त्या चालता चालता बोलल्या, आणि ते मी घरी येताच वहीत उतरवून ठेवलं. "सत्काराला बोलीवत्यात. नारळ देत्यात. ताठ बसा म्हनत्यात, रडू नगा म्हनत्यात, टीवीवाले आल्यात. त्यो कसा हुता, त्येला काय आवडायचं, ह्ये आजवर एकानं इचारलं न्हाय. मला वाटलं, ह्ये कुनाच्या पोराचं चाललंय?"

वीरमाता हा शब्द मला आदराचाच वाटतो. मानानं बोलावणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. पण माझ्या कामात मी पाहिलंय की त्या शब्दाच्या आड आईला रडायलाही जागा उरत नाही. अभिमान आणि दुःख एकाच पोटात नांदतात. अभिमानाच्या बाजूनं बोलायला सगळा तालुका येतो, दुःखाच्या बाजूनं तिला फाट्यावर जावं लागतं. आणि मुलगा विवाहित असेल तर आईची जागा आणखी आक्रसते. नियमानं निवृत्तिवेतन आधी पत्नीला, ते योग्यच आहे. पण कागदांच्या त्या गडबडीत आईची कुणी साधी चौकशीही करत नाही, आणि मग सासू-सुनेत जे पैशावरून भांडण दिसतं ते पुष्कळदा पैशाचं नसतंच.

पुढच्या वेळी धाकटे एकटे आले. थांब्यावरची गोष्ट मी आजींना विचारूनच त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण पंचवीस वर्षं कागदच खरवडत बसायचं का तिनं? यातून बाहेर कधी यायचं?"

बाहेर येणं हा शब्द आपल्या बोलण्यात रुळलाय. त्यामागे एक जुनी समजूत आहे: दुःखाचे पाच टप्पे असतात आणि शेवटच्या टप्प्यावर माणूस मोकळा होतो. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले तेव्हा त्या बोलत होत्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल. नंतर ते सरसकट सगळ्या शोकाला लावले गेले. मूल गमावलेल्या आईबापांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले डेनिस क्लास आणि त्यांचे सहकारी १९९६ मध्ये वेगळं मांडत होते. गेलेल्याशी असलेलं नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते नातं जपत माणूस नीट जगू शकतो. वारकऱ्याच्या मुलखात हे वेगळं शिकवायला नको खरं तर.

मी त्यांना केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीबद्दल सांगितलं. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा धाकटा मुलगा पीटर पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला. १८ वर्षांचा होता. अजाण वयामुळे वडिलांची संमती लागत होती, आणि त्यांची समजूत काढायला मुलाच्या बाजूनं आईच उभी राहिली होती. तिनं त्याच्यासाठी शिल्प करायला घेतलं, ते मोडलं, सोडलं, पुन्हा हाती घेतलं. १९३२ मध्ये ते त्याच्या दफनभूमीत बसवलं गेलं. गुडघ्यांवर बसलेले आई आणि बाप, दोघं दोन वेगळ्या दगडांत, वाकलेल्या आईच्या चेहऱ्यात तिचाच चेहरा. मुलगा त्या शिल्पात कुठेच नाही. अठरा वर्षं लागली. तिला कुणी बाहेर ये म्हणालं असेलच.

धाकट्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. ते वेगळंच बोलायला लागले. २००० साली ते भरतीला कोल्हापूरला गेले होते, घरी न सांगता. धावण्यात पास झाले. पुढच्या चाचणीच्या रांगेतून निघून आले. "आईला वाटत असेल, एक पोरगा असा निघाला आणि एक असा." ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. गेलेल्याच्या मागे राहिलेल्या भावाबहिणींकडे आपलं लक्षच जात नाही. आईबापाला सांभाळ एवढं सांगून त्यांना कामाला लावलेलं असतं. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाचं सांत्वन कुणी केलं होतं? मी विचारल्यावर त्यांना एकही नाव आठवलं नाही.

आणि मग पेटीचं निघालं.

कारगिलच्या आधीच्या लढायांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच होत. गावी यायची ती तार, आणि मागाहून सामान. १९९९ मध्ये पार्थिव घरी पोचवण्याची व्यवस्था झाली, म्हणून गावोगाव त्या तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या आल्या. या घरीही आली. आईनं तोंड बघू द्या म्हटलं. उघडता येत नाही, वरून हुकूम आहे, असं बाप्यांनी सांगितलं. बारा हजार लोक जमलेत की बाराशे, तिला काय त्याचं? ती पेटीवर हात ठेवून बसली आणि मग हातही काढायला लावला.

प्रत्यक्षात पेटी गावात आणण्याआधी ओळख पटवायला चुलत्याला आणि धाकट्यांना आत नेलं होतं. दोघांनी चेहरा पाहिला होता. बाईमाणसाला हे सोसायचं नाही, असं चुलत्यानं ठरवलं, आणि एकोणीस वर्षांच्या पोरानं तोंडाला कुलूप लावलं. चुलते गेले. ते कुलूप एकट्याकडे राहिलं.

"तिला काय सांगू मी? डावी बाजू पट्ट्यांनी बांधलेली होती."

मी सांगितलं की आई नेमकं काय विचारेल हे आपल्याला माहीत नाही, आणि ती विचारेल तेवढंच सांगायचं. जास्त नाही, खोटंही नाही. चेहरा न दिसलेल्या माणसाच्या बाबतीत मन पूर्ण पटत नाही, प्रेतयात्रा कितीही मोठी निघाली तरी. १९६५ आणि १९७१ च्या लढायांतून बेपत्ता राहिलेल्या जवानांच्या घरांनी हे किती भोगलंय. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा दुःखाचा जन्मभर अभ्यास केला आणि त्याला अनिश्चित हानी म्हटलं. आजींच्या बाबतीत पेटी आली होती, अग्नी दिला होता, त्यांना सगळं पटलंही होतं. तरी एक फट होती, आणि ती बुजवायची माहिती घरातच होती.

दिवाळीत ते दोघं समोरासमोर बसले. मी ओसरीवर होते, सून आत. आजींनी माझ्यासमोरच बोला म्हटलं. धाकट्यांनी सुरुवात तीनदा केली. शेवटी म्हणाले, "आये, दादाचं तोंड मी बगितलं हुतं."

भोसरीच्या फ्लॅटमधली भाषा गळून पडली होती.

आजी हलल्या नाहीत. मग विचारलं, "कवा?"

"गावात आनायच्या आदी. मी आन् नाना."

"वळखू येत हुता?"

"व्हय. डाव्या अंगाला बांधलं हुतं. उजवं तोंड चांगलं हुतं." आणि मग, मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते त्याच क्षणी आठवलं असावं, "त्येनं मिशी राखली हुती, आये."

"मिशी?" आजींनी पदर तोंडाशी नेला. "आन् मला न्हाय कळवलं. त्येला मिशी कुठली शोभतीया."

त्या हसल्या आणि तिथून रडायला लागल्या. धाकटेही. सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो खाली ठेवून सासूजवळ बसली. मी काहीच केलं नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं, हे मला पुस्तकांनी शिकवलं होतं. ते किती अवघड असतं हे मात्र त्या ओसरीवर कळलं. त्यानंतर तासभर आजी बोलत होत्या. त्याच्या जन्मावेळचा पाऊस, शाळेतून पळून विहिरीवर जाणं, पहिल्या सुट्टीत आणलेला स्टोव्ह. सुनेनं विचारलं, "भाऊजींना काय आवडायचं?" हा प्रश्न पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारला. "घेवड्याची आमटी. ती बी सकाळची, सांजंला. ताजी नगं म्हनायचा."

मग ट्रंक निघाली. पलटणीतून सामान आलं होतं ती काळी लोखंडी ट्रंक. बिजागऱ्यांना तेल घातलेलं, आत कडुलिंबाचा वाळका पाला. मफलर, दाढीचा ब्रश, मनीऑर्डरच्या पावत्या आणि दोऱ्यानं बांधलेली आंतरदेशीय पत्रं, ५६ ए.पी.ओ.चा, म्हणजे फौजी टपालाचा शिक्का असलेली. त्याची ही पत्रं त्या काळी पोस्टमनच वाचून दाखवायचे. तो गेल्यावर ती कुणीच वाचली नव्हती. आजींना येत नव्हतं, बाकीच्यांनी हात लावला नव्हता. आता सून गावी गेली की एक पत्र वाचते. एका वेळी एकच, असं आजींनी ठरवून दिलंय. बहुतेक पत्रांत म्हैस व्याली का, विहिरीला पाणी किती, एवढंच असतं. त्यांना तेवढं पुरतं.

भरतीच्या रांगेचं धाकट्यांनी अजून आईला सांगितलेलं नाही. सांगायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. ते माझ्याकडे येतात, आता स्वतःसाठी.

जे अशाच प्रश्नाशी झुंजत असतील त्यांना माझं सांगणं एवढंच, की त्याचं नाव काढा. आईला रडू आलं तर तुमच्यामुळे आलं असं समजू नका. ते आधीपासून तिथं होतं. धीर धर, अभिमान बाळग, देशासाठी गेलाय, हे तिला ठाऊक आहे. तुम्ही त्याच्याबद्दल काहीतरी बारीक विचारा. काय खायचा, कुणाशी भांडायचा, झोपेत बडबडायचा का. ती नको म्हणाली तर थांबा, पुन्हा कधीतरी विचारा. पण ती जेवण सोडत असेल, अंथरूण सोडत नसेल, मला कशाला ठेवलंय म्हणत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला उशीर करू नका. सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा फोन मराठीतही उचलतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सवलतींसाठी जाता, तिथं हेही बोला.

त्या दिवाळीनंतरच्या मार्चमध्ये धाकट्यांनी थांब्याला रंग द्यायचं काढलं. ग्रामपंचायतीकडून आतल्या भिंतीवर कागद लावू नये असा ठराव करून घेतला, साताऱ्याहून पेंटर आणला, त्यानं संगणकावर छान वळणदार अक्षरं काढून आणली होती आणि तशीच रंगवली. संध्याकाळी आईला घेऊन आले. आजी भिंतीसमोर उभ्या राहिल्या, जवळ गेल्या, मागे आल्या.

"ह्ये कुनाचं नाव?"

दुसऱ्या दिवशी पेंटरला परत बोलावलं. धाकटे घरातून ट्रंक उचलून फाट्यावर घेऊन गेले आणि भिंतीशी टेकवून ठेवली. पहिल्या सुट्टीत थोरल्यानं परसात बसून पांढऱ्या ऑइलपेंटनं झाकणावर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं होतं, जरा तिरकं, शची गाठ मोठी. आजी कट्ट्यावर बसून होत्या. पेंटर ट्रंककडे बघत एकेक अक्षर काढत होता. श आला तसं त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आनिक वाईच खाली वळीव."